शेजारच्या खोलीतली औटकी

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचत आले. पांढरी साडी, पैंजण, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि कप विसळायला उठायचं. आमच्या घरात कुणी 'काहीतरी जाणवलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, 'काल रात्री जेवलास काय?' त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे हे बघून माझा नवरा स्वयंपाकघरात एकटाच हसतो आहे. हसू दे.

मी डॉक्टर आहे. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात पेट-सीटीचं यंत्र आहे, तिथे मी बरीच वर्षं स्कॅन वाचायचं काम केलं. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. गोष्ट करोनाच्या आधीची आहे.

हे यंत्र काय करतं ते आधी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पेशंटला शिरेतून थोडीशी साखर टोचतात. साधी नाही, किरणोत्सारी खूण लावलेली. मग तासभर त्याला एका खोलीत शांत पडून राहायला सांगतात. शरीरातलं जे कुणी जास्त काम करतंय ते जास्त साखर खातं, आणि जिथे साखर जाते तिथे चित्रात उजेड दिसतो. कॅन्सर खादाड असतो, तो लखलखतो. पण एकटा तोच नाही. मेंदू दिसतो, हृदय दिसतं. पेशंट त्या तासात काही चघळत बसला तर त्याचा जबडा दिसतो, आणि बडबडत बसला तर जीभ आणि घसा. म्हणून त्या तासात बोलायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम. आता पुण्यातल्या माणसाला तासभर मत व्यक्त करू नका म्हणून सांगणं किती अवघड आहे ते वाचकांना ठाऊक आहेच. आमची टेक्नॉलॉजिस्ट स्मिता, तिने वैतागून भिंतीवर एक पाटी लावली होती — 'बोलू नये. फोनवर बोलणे हेही बोलणेच आहे.'

डोकं आणि मान या भागात तर हा नियम फारच महत्त्वाचा. मान म्हणजे कसबा पेठ. वीतभर जागेत सगळे एकमेकांना खेटून. पेटचं चित्र फक्त एवढंच सांगतं की कुठल्यातरी घरात दिवा लागलाय. घरांच्या भिंती कुठे आहेत ते सीटी सांगतो. आणि घराच्या आत काय सामान आहे ते एमआरआय सांगतो. ही तिन्ही चित्रं कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायची, अगदी नीट, म्हणजे गुन्हेगार सापडतो. जरा इकडचं तिकडे झालं की शेजाऱ्यावर आळ येतो. हे बसवण्याचं काम मला मनापासून आवडायचं. अजूनही आवडतं.

तर एके दिवशी सकाळी निर्मला वडके नावाच्या बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, नऊवार नाही पण पाचवारसुद्धा कडक इस्त्रीची, रिक्षाने एकट्याच. कसब्यातल्या एका शाळेत आयुष्यभर शिक्षिका होत्या. मानेत डाव्या बाजूला गाठ आली होती आणि तिच्यातून सुई घालून काढलेल्या नमुन्यात कॅन्सर निघाला होता. पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. मूळ दुसरीकडे कुठेतरी घशात किंवा तोंडात असतं, तिथून तो मानेत उतरतो. कानाघशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून सगळं बघितलं, मूळ सापडलं नाही. एमआरआय झाला, त्यातही ठाम काही नाही. म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. मूळ सापडलं की तेवढ्यावर इलाज करता येतो. नाही सापडलं तर रेडिएशनने सगळा घसा भाजून काढावा लागतो.

बाईंचा आवाज बसलेला होता. बसलेला म्हणजे सर्दीने बसतो तसा नव्हे. घोगरा, मधूनच हवा निसटणारा, समोरच्याला वाकून ऐकावा लागणारा. फाइलमध्ये कारण होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, त्यात डाव्या स्वरतंतूची नस गेली. तेव्हापासून तो तंतू लुळा. बाईंनी त्यानंतर लवकरच नोकरी सोडली.

"एक तास बोलायचं नाही, बरं का," स्मिता त्यांना म्हणाली.

"मला कोण बोलायला लावतंय आता," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या.

साखर टोचल्यावर पेशंटना ठेवायच्या आमच्याकडे दोन खोल्या आहेत, शेजारी शेजारी. भिंतींत शिसं आहे, दारं जाड. आत कुणी ओरडलं तर बाहेर जेमतेम कुजबुज येते. हे मी स्वतः करून पाहिलं आहे... नंतर, या प्रकरणामुळेच. प्रत्येक खोलीत कॅमेरा असतो, आणि बाहेरून सूचना द्यायला माइक.

दुसऱ्या खोलीत त्या दिवशी मांजरी गावचे घुले आण्णा होते. ऊसवाले शेतकरी, गालाचं ऑपरेशन झालेलं, पुढची तपासणी. टोचताना स्मिताला म्हणाले होते, "ऊस आमी पिकवायचा आन साखर तुमी टोचायची, हे बरंय." त्यांना बाईंच्या आधी टोचलेलं, त्यामुळे त्यांचा नंबर आधी लागला. स्कॅन उरकून ते बाहेर आले आणि कॉरिडॉरमध्ये मला गाठून मोठमोठ्याने सुरू झाले.

"डॉक्टरीणबाई, आमाला सांगता तोंड मिटून पडा. आन शेजारच्या बाई तासभर पाढं म्हणत्यात, त्यांना कोन काय म्हणत न्हाई."

"कुठल्या बाई?" मी विचारलं.

त्यांना ते ऐकूच आलं नाही. पुढेच बोलत राहिले. तेवढ्यात त्यांच्या बायकोने पिशवीतून एक डबी काढली, डबीतून ऐकायचं मशीन काढलं आणि त्यांच्या कानात बसवलं. मग आण्णांचा आवाज एकदम खाली आला. मी पुन्हा विचारलं.

"आता भिंतीपल्याडचं मला दिसतंय व्हय? पर आवाज मास्तरणीचा हाय. खणखणीत. पावकी झाली, निमकी झाली, मग आमच्या मास्तरांनी कदी शिकवलंच न्हाई असलं बी काय काय. त्याचं न्हाई काय, बरं वाटत व्हतं. पर मागं ते भांडी ठोकायचं काम काढलंय ना तुमी, ते तेवढं थांबवा. ठण ठण ठण ठण... आजारी मानसं असत्यात इथं."

हॉस्पिटलात त्या दिवशी कसलंही काम चालू नव्हतं. मी 'बघते हं' म्हणून त्यांची बोळवण केली आणि स्मिताकडे गेले. कॅमेऱ्यात बाई उताण्या पडलेल्या, अंगावर ब्लँकेट, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले.

"या बोलत होत्या का गं मघाशी?"

"नाही मॅडम. ओठसुद्धा हलले नाहीत. मी म्हटलं झोपल्या की काय, म्हणून मुद्दाम लक्ष ठेवून होते. असे पेशंट रोज मिळाले तर मी पाटी काढून टाकीन."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांचे कान वाजतात, एवढं मला पुरेसं होतं.

मग बाईंचा स्कॅन झाला आणि चित्रं माझ्या पडद्यावर आली. पहिली गोष्ट दिसली ती मानेतली गाठ, अपेक्षेप्रमाणे. दुसरी गोष्ट म्हणजे जीभ आणि स्वरयंत्र — सगळं पेटलेलं. तासभर भाषण ठोकलेल्या पुढाऱ्याचा घसा असाच दिसतो. मी स्मितावर चिडणारच होते, तेवढ्यात लक्षात आलं की हे नुसतं बडबडीचं चित्र नाही.

आपले दोन स्वरतंतू वरून पाहिले तर एका टोकाला जुळलेल्या दोन काड्यांसारखे दिसतात. बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही काड्या उजळतात. पण ज्याची एका बाजूची नस गेली आहे त्याची एकच उजळते, कारण लुळा स्नायू हलत नाही, आणि जो हलत नाही तो खात नाही. हे आमच्या विषयातलं बालवाडीतलं ज्ञान आहे. वडकेबाईंच्या दोन्ही काड्या उजळल्या होत्या. सारख्याच. डावी उजवीपेक्षा कणभर जास्तच.

मी सगळं तपासलं. चित्र उलटं तर झालं नाही ना? नाही, हृदय डावीकडेच होतं. मान हलल्यामुळे चित्रं एकमेकांवर चुकीची बसली का? पुन्हा बसवली. आधी कॉम्प्युटरकडून, मग हाताने, एकेक खूण जुळवून. एमआरआयमधला डावा तंतू बारीक, सुकलेला, स्नायूच्या जागी चरबी आलेली. एवढं सुकायला वर्षं लागतात, म्हणजे बाईंची जुनी हकीकत खरी. आणि त्या सुकलेल्या काडीवर पेटचा उजेड अगदी काठाला काठ लावून बसत होता. अशा लुळ्या तंतूला कधी कधी आधार म्हणून आतून भराव टोचतात, तोही पेटमध्ये उजळतो. बाईंना विचारलं. तसलं काही कधी केलं नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "झालं का?" तोच आवाज. घोगरा, हवा गळणारा.

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी ही चित्रं लावली. आमचे सर्जन — त्यांना आपण दातार म्हणू — अतिशय हुशार माणूस, पण बोलणं तासून ठेवलेलं.

"मेलेला स्नायू साखर खात नाही. तुम्हीच शिकवता ना आम्हाला?"

"हो."

"मग तिथे जे खातंय ते स्नायू नाही. तेच मूळ आहे. सापडलं, अभिनंदन."

"पण एमआरआयमध्ये तिथे गाठ नाहीये."

"एकाला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणूनच दोन्ही करतो ना आपण? का हौस म्हणून?"

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी तंतूचा वरवरचा तुकडा काढून तपासला, त्यात काही निघालं नाही. ते म्हणाले, आत दडलं असणार. आता खोलवर तुकडा घेऊ, टेबलावरच तपासू आणि निघालं तर त्याच वेळी स्वरयंत्र काढू. बाईंची संमती आधीच घेऊन ठेवायची. म्हणजे निघालं तर आवाज कायमचा गेला, मानेला श्वासाचं भोक. आणि नाही निघालं तरी तेवढा खोल तुकडा काढल्यावर जो अर्धामुर्धा आवाज होता तोही गेलाच.

हे बाईंना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण दातारांना समजावून सांगता येत नाही, फक्त सांगता येतं. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, माझा आवाज अर्धाच आहे. पण तो मला पुरतो. संध्याकाळी आळीतल्या दोन मुली येतात शिकायला. त्यांना जवळ बसवावं लागतं, एवढंच. तुम्ही जर छातीवर हात ठेवून सांगत असाल की तिथेच आहे, तर काढा. मी रडणार नाही. पण तुमच्या तोंडावर तसं दिसत नाहीये."

नव्हतंच दिसत. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, प्रचंड कुतूहलही होतं. ते चित्र माझ्या डोक्यातून जाईना. त्यात घुले आण्णांचं बोलणं इतके दिवस कुठेतरी खाली पडलं होतं ते एकदम वर आलं.

"बाई, त्या दिवशी तासभर तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? बोलायचं नव्हतं. वर्ग घेतला."

"म्हणजे?"

"मनात हो. मला झोप येईना. समोर मुलं बसलीत असं धरलं आणि पाढे घेतले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी... शेवटी औटकी. साडेतीनचा पाढा. हल्ली कुणाला ठाऊकही नाही. सहापर्यंत आले आणि शेजारचं दार वाजलं, तंद्री मोडली. मग पडून राहिले नुसती."

मी विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "मनात म्हणताना कोणत्या आवाजात म्हणता?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "माझ्याच. पहिल्या आवाजात. मनात तो गेलाच नाहीये कधी. आमची शाळा तांबट आळीला लागून. दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचा आवाज. त्याच्यावर आवाज चढवून शिकवायचं, आणि पाढा त्या ठोक्यावरच घ्यायचा, म्हणजे मुलं डुलत डुलत म्हणतात. माझ्या मनात अजून पाढ्यामागे ठोके चालूच असतात. त्यांच्याशिवाय मला एक पाढा म्हणता येणार नाही."

आण्णांनी काय सांगितलं ते मी तेव्हा बाईंना सांगितलं नाही. सांगता आलं नाही. ऑपरेशनला सामोऱ्या जाणाऱ्या पेशंटला डॉक्टरने असलं काही सांगायचं नसतं, एवढा शहाणपणा शाबूत होता. पण घरी जाताना मी चुकीच्या रस्त्याला वळले आणि बऱ्याच पुढे जाऊन ते कळलं.

दुसऱ्या दिवशी दातारांना म्हटलं, मला पुन्हा एक स्कॅन करू द्या. घसा पूर्ण शांत ठेवून.

"पहिल्या वेळी शांत नव्हता?"

"होता. पण मनात पाढे म्हणत होत्या."

"मॅडम, रजा घ्या थोडी," ते म्हणाले. पण आठवडाभर थांबायला तयार झाले, हे त्यांचे उपकार.

आता खरा प्रश्न उभा राहिला. माणसाला बोलू नका म्हणता येतं. मनात बोलू नका कसं म्हणायचं? हत्तीचा विचार करू नका म्हटलं की हत्तीच दिसतो. गोळी देऊन झोपवावं, तर बाईंचा त्याला नकार, झोपेत त्या बडबडतात म्हणे. मी म्हटलं, पेपर वाचून दाखवते. "नको, त्यात चुका फार असतात," बाई म्हणाल्या. मग स्वतःच जरा विचार करून त्यांनी तोडगा सांगितला.

"तुम्ही पाढा म्हणा. मी ऐकते. मूल म्हणत असताना शिक्षकाने मनातसुद्धा म्हणायचं नसतं. म्हटलं की त्याची चूक आपल्याला ऐकू येत नाही, आपलंच बरोबर ऐकू येतं. मी नव्या शिक्षकांना हेच पहिल्यांदा शिकवायची."

मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील दारूगोळा कारखान्यात, शाळा इंग्रजी माध्यमाची. मला पाढे बारापर्यंत येतात, तेही इंग्रजीतून. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात पाठ केली. नवऱ्याने माझी परीक्षा घेतली आणि त्याला फारच मजा आली.

स्कॅनच्या दिवशी बाई आत आडव्या झाल्या आणि मी बाहेर माइकसमोर बसले. "एक सव्वा सव्वा, बे सव्वा अडीच, त्रिक सव्वा पावणेचार..." स्मिता तोंडाला रुमाल लावून हसत होती. कॅमेऱ्यात बाई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या, अगदी निश्चल. "साते सव्वा साडेआठ" असं मी म्हटलं आणि ब्लँकेटमधून एक बोट वर आलं. मी थांबले, आठवलं, "पावणेनऊ" म्हटलं. बोट खाली गेलं. तासभर हे असं चाललं. ते बोट किती वेळा वर आलं हे मी इथे सांगणार नाही.

चित्रं आली. मानेतली गाठ होती तशीच. स्वरयंत्रात काळोख. दोन्ही काड्या विझलेल्या. डावीवर उजेडाचा मागमूस नाही. जीभही शांत. आणि ती शांत झाल्यामुळेच जिभेच्या अगदी मुळाशी, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढा एक ठिपका लखलखीत दिसत होता. पहिल्या वेळी तो पेटलेल्या जिभेच्या उजेडात बुडून गेला होता. एमआरआय त्याच्यावर बसवला. बरोबर त्या जागी थोडी जाडी होती, जी एकटी पाहिली तर नेहमीचीच वाटावी. तीन साक्षीदार पहिल्यांदाच एकच बोलत होते. स्मिताने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि मी, सांगायला लाज कसली, थोडी रडले.

तिथला तुकडा काढला, त्यात मूळ सापडलं. स्वरयंत्राला हात न लावता रेडिएशन देता आलं, जोडीला औषधं. बाईंना त्रास झाला, वजन उतरलं, तोंडाची चव गेली. पण त्या निभावल्या. आवाज होता तसा अर्धा राहिला.

दातार मीटिंगमध्ये एवढंच म्हणाले, "पहिल्या स्कॅनमध्ये काय होतं मग?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "रिपोर्टमध्ये असं लिहिता येत नाही." ते बरोबरच होतं. मी 'स्नायूंचा शरीरधर्मी उजेड, आजाराचा नव्हे' अशा अर्थाचं आमच्या भाषेतलं वाक्य लिहिलं आणि सही केली.

मनात बोलताना स्वरतंतूंना बारीकशी हालचाल होते असं म्हणणारे लोक आहेत. मान्य. मग उजवा तंतू उजळेल, थोडासा. डावा कसा उजळेल? त्याला नसच नाही. मनाचा निरोप न्यायला तिथे वायरच नाही. मी ओळखीच्या तिघाचौघांना ती चित्रं पाठवली. प्रत्येकाने आधी 'बाई बोलल्या असणार' म्हटलं आणि मग डावी बाजू बघून ते मागे घेतलं.

पण मी हे लिहायला बसले ते त्या चित्रांमुळे नाही. वर्षभराने जे झालं त्यामुळे.

तपासणीच्या फेऱ्यांमध्ये एका सकाळी वडकेबाई आणि घुले आण्णा एकाच वेळी येऊन बसले. मी काही जुळवून आणलं नव्हतं. दोघं बाकावर शेजारी शेजारी, मध्ये आण्णांच्या बायकोची पिशवी. आण्णांच्या कानात मशीन होतं. बाई त्यांच्याशी काहीतरी बोलल्या, त्यांच्या त्या हवा गळणाऱ्या आवाजात, आणि आण्णांनी कान पुढे करून ऐकलं. ओळख पटल्याची खूण काही दिसली नाही. मला राहवेना. मी जवळ गेले.

"आण्णा, मागच्या वर्षी तुम्ही तक्रार केली होती. पाढे म्हणणाऱ्या बाईंची. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? लय ग्वाड आवाज. मी घरी जाऊन हिला सांगितलं." बायकोने मान हलवली. "पुन्यांदा काय त्या बाई दिसल्या न्हाईत मला."

बाईंचा चेहरा एकदम स्थिर झाला. त्यांना मी आजवर काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कोणते पाढे?" बाईंनी विचारलं.

"पावकी, निमकी मला येत व्हती. पर शेवटचा एक व्हता, साडेतीनाचा. तो न्हवता येत. तितं पडल्या पडल्या ऐकून ऐकून पाठ झाला बगा. अजून येतोय." आणि आण्णा उठून उभे राहिले. शाळेत मुलं पाढा म्हणायला उभी राहतात तसे, हात सरळ खाली. "एक औट औट. बे औट सात. त्रिक औट साडेधा. चोक औट चौदा. पंचे औट साडेसतरा. सक औट एकवीस."

थांबले. जरा ओशाळून हसले. "फुडचं न्हाई येत. तेवढ्यात ती पोरगी आली आन मला मशिनीत घेऊन गेली."

स्मिता दारात उभी होती, तिच्या हातातला ट्रे तसाच. बाईंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. आण्णांकडे बघत, त्या घोगऱ्या आवाजात, जेवढा जोर लावता येईल तेवढा लावून त्या म्हणाल्या, "साते औट साडेचोवीस."

आण्णांनी कान पुढे केला आणि मागून म्हटलं, "साते औट साडेचोवीस."

"आठे औट अठ्ठावीस."

"आठे औट अठ्ठावीस."

असं दोघांनी मिळून दहापर्यंत नेलं. दहा औट पस्तीस झाल्यावर बाईंनी मान डोलावली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बसा."

आण्णा बसले.

बाई अजून आहेत, तपासणीला येतात. त्यानंतरच्या एकाही स्कॅनमध्ये डावी बाजू उजळलेली नाही. मनात पाढे म्हणायला मी मुद्दाम सांगून पाहिलं होतं, तरी नाही. त्या पहिल्या स्कॅनचा एक प्रिंट त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. त्यात दोन्ही काड्या सारख्या उजळलेल्या आहेत. तो त्यांनी फ्रेम करून, दोन मुली जिथे शिकायला बसतात त्या भिंतीवर लावला आहे. मुलींना तो कसला फोटो आहे ते कळत नाही, आणि त्यांनी विचारलं की बाई म्हणतात, माझा आहे, वर्गात काढलेला.

मला याचा उलगडा झालेला नाही. वाचकांपैकी कुणाला झाला तर जरूर कळवा. फक्त 'योगायोग' एवढंच लिहून पाठवू नका, तो शब्द मी वापरून पाहिला आहे.